साबणाची मोजणी

"हात पुढे करा साहेब," मोजणीदार म्हणाले. कुठेतरी सही करायची असेल असं समजून साहेबांनी पेन उचललं.

"पेन ठेवा. डावा हात. बाही वर घ्या."

सव्वीस वर्षं जमिनी मोजणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे साहेबांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यांनी निमूट बाही सरकवली. मोजणीदारांनी खिशातून मार्कर काढला आणि साहेबांच्या हातावर एकसारख्या अंतरावर चार वर्तुळं आखली. आत एक, दोन, तीन, चार असे बारीक आकडे घातले. मग एका ड्रॉपरनं पहिल्या तिन्हींत तीन साबणांच्या पाण्याचा एकेक थेंब सोडला आणि चौथ्यात साधं पाणी.

"चौथ्यात पाणी कशाला?"

"तुलनेला. तुमची कातडी नाजूक, म्हणून तुम्हाला त्रास दिला. माझ्या हातावर काल करून पाहिलं. पण उन्हात रापलेला हात माझा, त्याला काय कळणार कप्पाळ!"

हा सगळा खटाटोप लेकीसाठी होता. लहानपणापासून तिचं असं, की बाजारातला कुठलाही साबण लावला की अंगभर पुरळ उठायचं. ती आता नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली होती, परवा सकाळी. तिकडे पोर एकटी खाजवत बसली तर पाठीला मलम लावायला कोण आहे, या विचारानं मोजणीदारांची झोप उडाली होती. म्हणून त्यांनी घरीच साबण करायला घेतला. तेलं वजन करून घेतली, कॉस्टिक सोडा तर श्वास रोखून तोलला. वास नाही, रंग नाही. एका घाण्यात खोबरेल जास्त, दुसऱ्यात ऑलिव्ह, तिसऱ्यात ओटचं पीठ. बारा वड्या पाडल्या, वर्षभराची बेगमी. दीड महिना त्या कपाटावर वाळत होत्या आणि ती मुदत कालच पुरी झाली होती. आता तीन हातांवर परीक्षा झाली की वड्या खोक्यात भरायच्या. सकाळी बायकोच्या आणि मेहुण्याच्या हातावर वर्तुळं आखूनच ते कचेरीत आले होते.

दुपारी मेहुण्याचा फोन आला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं.

"दाजी, काय लावलंत हो हाताला? लाल भडक झालंय! गिऱ्हाईकाला म्हटलं, हा चष्मा घालून बघा. त्यानं घातला आणि पहिल्यांदा माझा हातच बघितला. उठून गेला ना तो!"

"कितवं वर्तुळ लाल झालंय?"

"चारही!"

"चौथं कसं होईल? त्यात नुसतं पाणी आहे!"

"मग पाण्याला सांगा तसं!" मेहुण्यानं फोन आपटला.

मोजणीदारांचं धाबं दणाणलं. ड्रॉपर एकच होता. म्हणजे साबणाचा अंश चौथ्या थेंबातही उतरला. म्हणजे नुसत्या अंशानं हात भाजतोय. म्हणजे कॉस्टिक जास्त पडलं. कुठेतरी आपली मोजणी चुकली! आयुष्यात पहिल्यांदा चुकली, आणि तीही पोटच्या पोरीच्या बाबतीत.

इतक्यात केबिनमधून हाक आली. साहेब हात वर धरून उभे होते.

"अहो, उद्या मला वरच्या साहेबांपुढे उभं राहायचंय! काय सांगू त्यांना, माझे चार भाग पाडलेत म्हणून?"

मोजणीदार कँटीनकडे धावले आणि व्हिनेगरची बाटली घेऊन आले. कॉस्टिकवर आंबट हा उतारा, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी साहेबांचा अख्खा हात व्हिनेगरनं चोळून काढला. साहेबांनी "आई गं!" म्हणून जी उडी मारली, ती पाहायला सगळी कचेरी दारात जमली. आकडे जागचे हलले नाहीत. लाली मात्र वाढली.

"घरी जा," साहेब दातओठ खात म्हणाले. "कृपा करून घरी जा."

मोजणीदार घरी आले ते सरळ कपाटाकडे गेले. स्टुलावर चढून त्यांनी वड्यांचा ट्रे खाली उतरवला. बायको भाजी निवडत होती, लेक बॅग भरत होती.

"हे सगळं फेकून दे," ते बायकोला म्हणाले. "चुकलं माझं. मी विष केलंय विष. पोरीनं तिकडे एकटीनं हे अंगाला लावलं असतं तर?" आणि ते स्टुलावरच बसले.

"फेकायचं काय त्यात?" बायको म्हणाली. "दहा दिवस मी त्यानंच आंघोळ करतेय."

"काय? अगं, वाळला नव्हता तो! मुदत व्हायची होती!"

"मुदत तुमची. पोरीच्या अंगाला लागणार, तर आधी माझ्या लागू दे म्हटलं. तिन्ही लावून झाले. काही होत नाही. उलट कोपर बघा कसं मऊ झालंय."

"मग हातावर हे काय?"

बायकोनं बाही वर केली. तिचीही चारही वर्तुळं लाल होती. लेक बॅग तशीच टाकून आली. आईचा हात तिनं खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवून पाहिला आणि खो खो हसत सुटली.

"बाबा, आतमध्ये काही झालंच नाहीये! साबण लागला ती कातडी छान आहे. नुसत्या रेघा आणि आकडे लाल झालेत. आखलंत कशानं?"

मोजणीदारांनी खिशातून मार्कर काढला. हद्दीच्या दगडांवर खुणा करायचा तो मार्कर. पाच पावसाळे पुसला जाणार नाही, अशी त्याची ख्याती होती.

"दगडाचा मार्कर माणसाला?" बायकोनं कपाळावर हात मारला. "धन्य आहे तुमची!"

पण मोजणीदारांना ते ऐकूच गेलं नाही. साबण बरोबर होता! त्यांचा जीव असा भांड्यात पडला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्यांनी लगेच दोन फोन लावले. मेहुणा भरपूर बोलला आणि शेवटी म्हणाला, "बरा आहे ना पण साबण? मग दोन वड्या पाठवा." साहेब काहीच बोलले नाहीत. त्यांनी फोनच उचलला नाही.

संध्याकाळी मोजणीदारांनी स्वतः खोकं भरलं. लेकीनं ते उघडलं, वरच्या चार वड्या काढून बॅगेत ठेवल्या आणि खोकं बंद केलं.

"चारच? अगं, वर्षाच्या हिशोबानं केल्यात मी. सगळ्या ने."

"वर्षाचा साबण एकदम नेला, तर मधे घरी यायला निमित्त काय सांगू?"

मोजणीदारांनी टेप काढून एक वडी मोजली, लांबी, रुंदी, जाडी, आणि मनाशी काहीतरी पुटपुटले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"फार मोठ्या कापल्या गं मी," ते म्हणाले. "एकेक महिनाभर पुरेल." आणि बॅगेतल्या चारही वड्या काढून, सुरी घेऊन ते त्या अर्ध्या करायला बसले. चार अर्ध्या बॅगेत गेल्या, चार परत खोक्यात.