सर्वानुमते झोका

रतिलालभाई ओल्या फडक्याने पाटी पुसत होते. शहाद्याबाहेर, लोणखेड्याच्या रस्त्यावर घरबांधणी सोसायटीची सात घरं होती. सात घरांच्या मधोमध एक जुना कडुनिंब होता आणि त्याच्या बुंध्यावर चेअरमन रतिलालभाईंनी पदरचा रंग लावून रंगवलेली पत्र्याची पाटी होती. झाड एवढं मोठं, पण कावळे घाण करायचे ते नेमके पाटीवर. म्हणून चेअरमनसाहेब रोज सकाळी जातीने पाटी पुसत. शहाद्यातले लोक या वस्तीला 'बंगलेवाले' म्हणत आणि म्हणताना तोंड फिरवून हसत. रतिलालभाईंना त्यातलं फक्त 'बंगलेवाले' एवढंच ऐकू येई.

"आयकी ऱ्हायनात का?" वत्सलाबाईंनी ओट्यावरून हाळी दिली. "सारंगखेडाना गाडीवाला उना व्हता. अनुनी निरोप धाडा शे. आप्पाले म्हनो, आखाजीले झोका बांधी ठेवज्यात!"

फडकं पाटीवरच थांबलं. पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'या झाडास कोणीही दोर, झोका, जनावर अथवा कपडा बांधू नये. यास चेअरमनही अपवाद नाहीत.' शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः हौसेने घालून घेतलं होतं.

आता आखाजी म्हणजे खानदेशातल्या सासुरवाशिणींचा सण. उन्हाने जमीन भाजून निघालेली असते, आंबे पाडाला आलेले असतात आणि लेकी माहेरी येऊन झाडाला झोका बांधतात. वर्षभर सासरी खाली मान घालून वावरलेली पोर त्या दिवशी झोक्यावर उभी राहून आभाळाला पाय लावते. तिला कोणी काही बोलत नाही. अनु ही रतिलालभाईंची सारंगखेड्याला दिलेली एकुलती एक लेक, आणि लग्नानंतरची ही तिची पहिलीच आखाजी. ती पाच वर्षांची असल्यापासून बापाच्या मागे झोक्यासाठी भुणभुण लावणारी. तिला झोका नाही म्हणायचं, तर कोणत्या तोंडाने?

पण ती पाटी काही आपोआप उगवलेली नव्हती. गेल्या आखाजीला मामलेदारसाहेब रतिलालभाईंकडे चहाला आले होते. साहेबांची मोटार सावलीला म्हणून निंबाखाली उभी राहिली, आणि शेजारच्या छगनभाईंच्या, सारंगखेड्यालाच दिलेल्या पोरीने झोका उंच नेण्यासाठी दर हेलकाव्याला मोटारीच्या कापडी टपावर पाय मारला. साहेब बाहेर येऊन बघतात तो टपावर धुळीची पावलंच पावलं! साहेब हसले. "लक्ष्मीची पावलं आहेत, राहू द्या," म्हणाले आणि निघून गेले. संपलं असतं तिथं. पण रतिलालभाईंना ते झोंबलं. लोणखेड्याची शेतं सोडून बंगल्यात राहायला यायचं आणि साहेबापुढे गावंढळ ठरायचं! त्यांनी महिन्याच्या आत सभा बोलावली, ठराव मांडला, सगळ्यांनी चिवड्याच्या बशा हातात असतानाच हात वर केले. छगनभाईंनीही केला. छगन म्हणजे लोणखेड्यापासूनचा जोडीदार, एका ताटात जेवलेला. चिवडाही त्याने संपवला. फक्त दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ओट्यावर गप्पा मारायला यायचा बंद झाला. रतिलालभाईंना ते लागलं होतं. पण चेअरमनला असलं काही लागून चालत नाही, असा त्यांचा समज होता.

"मंग आपलाच आंगणमा बांधा ना," वत्सलाबाई म्हणाल्या.

"आंगणमा काय शे? पपया!" रतिलालभाई वैतागले. अंगणातही एक निंब होता. पाला नव्या फरशीवर पडतो म्हणून त्यांनीच तो तोडवला होता.

शेवटी त्यांनी पडवीच्या आढ्याला दोन लोखंडी कड्या ठोकून घेतल्या. दोर ओवला, फळी बसवली. पोरीच्या जिवाशी खेळ नको म्हणून आधी स्वतः बसून बघितलं. एक हेलकावा बरा गेला. दुसऱ्याला वरून कुरकुर आली. तिसऱ्याला आढं, कौलं आणि चेअरमनसाहेब असे तिघे मिळून खाली आले, ते थेट बाजेवर वाळत घातलेल्या पापडांवर.

"माय व माय! मन्हा पापड!" वत्सलाबाई धावत आल्या. मग नवरा दिसल्यावर म्हणाल्या, "तुमले लागनं का?"

तेवढ्यात फाटकाशी खोकल्याचा आवाज आला. सोसायटीचे सेक्रेटरी नवल मास्तर. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, त्यामुळे सगळी माया त्यांनी सोसायटीच्या पोटनियमांवर लावली होती.

"चेअरमनसाहेब, दर्शनी भागात फेरफार करण्यापूर्वी कमिटीची परवानगी घेतली होती काय?"

"मास्तर, मी फेरफार करा नही! पडनं ते!"

"पडण्याबाबत पोटनियमांत उल्लेख नाही. पाहून सांगतो," मास्तर म्हणाले.

रतिलालभाईंनी अंगावरचे पापडाचे तुकडे झटकले आणि मास्तरांना ओट्यावर बसवलं. चहा पाजला. मग आवाज बारीक करून म्हणाले, "एक दिननीच गोष्ट शे, मास्तर. निंबले दोर बांधस, दुसरा दिन सोडी टाकस. कोनले काय कळनार शे?"

मास्तरांचा चेहरा दुखावला. "साहेब, अपवाद नको, हे आपणच घातलंत. मला आपला अभिमान वाटला होता त्या दिवशी."

रतिलालभाई मास्तरांची रिकामी कपबशी उचलून आत घेऊन गेले.

मार्ग एकच होता, आणि तोही रतिलालभाईंनीच अवघड करून ठेवला होता. आपल्या पश्चात कोणी ठराव फिरवू नये म्हणून त्यांनी कलम घातलं होतं की, सातही सभासद हजर असल्याशिवाय हा ठराव बदलता येणार नाही. विशेष सभा बोलवायची तर आठवड्याची नोटीस. मास्तरांनी बोटांवर मोजून आखाजीच्या आदल्या दिवसाची सकाळ काढून दिली.

आणि मग चेअरमनसाहेबांची जी काही धावपळ सुरू झाली! उदेसिंग वकील भाच्याच्या लग्नाला तळोद्याला गेले होते. रतिलालभाई बैलगाडी जुंपून तिकडे गेले, मांडवात अनोळखी लोकांच्या पंगतीला बसले, आणि नवरदेवाला हळद लागायच्या आत परत पाठवायचं वचन देऊन वकिलांना घेऊन आले. करमसिंग ठेकेदार लाकडाच्या कामाला अक्कलकुव्याला होते. पुन्हा गाडी जुंपली. ठेकेदार म्हणाले, "एवढा घाट झोकासाठी? मी तुले सागनं झाड देस, घर लई जाय!" पण आले बिचारे.

रोज जेवताना वत्सलाबाई विचारत, "मुराळी कोन जाई ऱ्हायनं?"

आखाजीला लेक आपल्या पायांनी माहेरी येत नाही. माहेरचं कोणीतरी गाडी घेऊन तिला आणायला जातं, तो मुराळी. तो आल्याशिवाय सासरचे उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि लेकही ओलांडत नाही.

"ते मन्हावर सोड," रतिलालभाई म्हणत. "पहिलं झोकानं व्हऊ दे."

सभेच्या दिवशी सातही जण निंबाखाली सतरंजीवर हजर. छगनभाई येतील की नाही याची रतिलालभाईंना रात्रभर धाकधूक होती. ते आले, आणि आल्या आल्या उभे राहिले.

"रतिलाल, माले एक सांगनं व्हतं..."

रतिलालभाईंना वाटलं, हा आता गेल्या वर्षीचं काढणार! मास्तरांनी घंटा वाजवली आणि चेअरमनांकडे बघितलं. चेअरमनांना लगेच शुद्ध मराठी सुचली.

"विषयपत्रिकेवर असल्यास बोला."

"नही, त्यामा नही शे."

"मग सभेनंतर."

"बरं," छगनभाई म्हणाले आणि खाली बसले.

ठराव वाचला गेला: 'आखाजीच्या दिवशी सदर निंबास झोका बांधण्यात यावा व सभासदाने अगर त्याच्या कुटुंबीयांनी तो घ्यावा.' पहिला हात छगनभाईंचा वर गेला. मग सगळ्यांचे गेले. 'सर्वानुमते' असं मास्तरांनी लिहून घेतलं. रतिलालभाईंना वाटलं, उठावं, छगनला मिठी मारावी, चुकलो रे म्हणावं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण समोर वकील होते, ठेकेदार होते, मास्तरांची घंटा होती. ते म्हणाले, "सभा संपली. चहा घेऊन जावे." आणि दोर आणायला पळाले. परत आले तोवर छगनभाई निघून गेले होते.

दुपारभर खपून त्यांनी झोका बांधला. नवा दोर, रंधा मारलेली फळी, दोन्ही बाजूंना आंब्याचे डहाळे. संध्याकाळी वत्सलाबाई बघायला आल्या.

"झोका तर झकास झाया," त्या म्हणाल्या. "पोर कव्हय ई ऱ्हायनी? मुराळी कोन गया शे?"

रतिलालभाईंनी फाटकाशी उभ्या रिकाम्या गाडीकडे बघितलं.

"म्हन्जे? कोनीच नही गयं?" वत्सलाबाई मटकन फळीवरच बसणार होत्या, पण नव्या झोक्यावर आधी पोर बसायची म्हणून सावरल्या. "तुमी म्हने मन्हावर सोड! पोर वाट देखीसन मरी गई व्हई! वकिलले आनाले गाडी, ठेकेदारले आनाले गाडी, अन पोटनी पोरले गाडी नही?"

बैल आदल्या रात्रीच अक्कलकुव्याहून आलेले, पाऊल उचलत नव्हते. ती रात्र रतिलालभाईंनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. कोंबडा आरवायला ते स्वतःच गाडी घेऊन निघाले. बाप स्वतः मुराळी म्हणून जातो हे काही रीतीला धरून नव्हतं, पण आता रीत कुठे बघता? वाटभर ते व्याह्यांपुढे काय बोलायचं ते घोकत होते. काहीही घोकलं तरी शेवटी 'सभा होती' असंच येत होतं, आणि ते ऐकून त्यांची त्यांनाच लाज वाटत होती.

सारंगखेड्याला व्याही ओट्यावरच होते. "आते कसाले उनात?" ते चकित झाले. "अनु तर काल चालनी गई. छगनभाऊ त्यास्नी पोरले लेवाले उना व्हतात. म्हने रतिलाल कामामा शे, मीच मुराळी. आम्हीबी धाडी दिन्हं."

रतिलालभाईंना धड हसू येईना, धड रडू येईना. म्हणजे छगनला तेच सांगायचं होतं! 'मी सारंगखेड्याला चाललोय, अनुला आणू का?' एवढंच. आणि आपण त्याला विषयपत्रिका दाखवली.

"मंग ती घर..."

"लोणखेडाले उतरनार व्हती. झोका तठेच शे ना," व्याही म्हणाले.

दुपारच्या उन्हात गाडी लोणखेड्यात शिरली. छगनभाईंच्या जुन्या घरापुढच्या निंबाला झोका होता. सोसायटीत बंदी झाल्यावर त्यांनी आपल्या पोरींसाठी इथंच बांधायचं ठरवलं होतं. आणि झोक्यावर अनु उभी होती! पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले. खाली बायकांचा घोळका टाळ्या देत गात होता. आखाजीला बायका गाण्यांतून वाट्टेल त्याची फजिती करतात आणि त्या दिवशी ते कोणी मनावर घ्यायचं नसतं. रतिलालभाईंनी कान दिला.

"निंब शे मोठा व माय, निंब शे मोठा,
चेअरमन बसना लिसन सोटा!
झोका बांधू का इचारं सातले,
पोर इसरना, काय म्हनू बापले!"

शेवटची ओळ झोक्यावरून आली, आणि सगळ्यांत वरच्या पट्टीत आली. घोळक्यात वकिलांची बायको होती, ठेकेदारांची सून होती. आणि तोंडाला पदर लावून हसणाऱ्या वत्सलाबाईसुद्धा होत्या. छगनभाईंची गाडी सकाळी सगळ्या वस्तीला घेऊन आली होती.

अनुने बापाला बघितलं. झोका थांबवून खाली उतरली, पाया पडली. ती वाळली होती.

"आप्पा, उनात का?"

"चाल बेटा. तठे झोका बांधा शे. नवा. सर्वानुमते."

अनु हसली, पण बळेच. "आते नही, आप्पा. आठे बरं वाटस. तठे हासानंबी पहिले इचारनं पडस." मग बापाचा चेहरा बघून हळूच म्हणाली, "माले काल वाटनं, तुमी उनातच नही, म्हन्जे माले इसरी गयात."

रतिलालभाईंना हुंदका आवरला नाही. "नही व पोरी. तुन्हाकरताच तर..." पुढचं त्यांना सांगता येईना. सांगितलं असतं तर ते पुन्हा गाणंच झालं असतं.

मैत्रिणींनी हाका मारल्या. अनु पुन्हा झोक्यावर चढली. छगनभाईंनी ओट्यावर जागा करून दिली.

"बस रे. आमरस खाय."

"छगन, मन्ही चूक झाई," रतिलालभाई म्हणाले.

"माले ठाऊक शे," छगनभाई म्हणाले आणि आमरसाची वाटी पुढे सरकवली.

बायका रात्री तिथंच राहणार होत्या. दुसऱ्या दिवशी अनुला लोणखेड्याहूनच परत पोचवायचं ठरलं होतं. रतिलालभाईंना कोणी राहा म्हटलं नाही असं नाही, पण बैलांचं वैरणपाणी घरी होतं. संध्याकाळी ते एकटेच वस्तीवर परतले. सहा घरांना कुलपं होती. एकाला नव्हतं.

निंबाखाली, आंब्याच्या डहाळ्यांच्या मध्ये, नव्या फळीवर नवल मास्तर बसले होते. कोट, टोपी, सगळं जागच्या जागी. दोन्ही हातांनी दोर घट्ट धरलेला, पाय जमिनीवर टेकलेले.

"मास्तर, हाई काय?"

मास्तर ओशाळले. "ठरावात 'घ्यावा' असं आहे, साहेब. सूर्य मावळायला आला तरी कोणीच घेतला नाही. मग म्हटलं, ठराव तसाच राहायला नको. मीही सभासद आहेच."

"मंग घी का नही ऱ्हायनात?"

"मघापासून प्रयत्न करतोय," मास्तर म्हणाले. "ढकलायला कोणी नाही."

रतिलालभाईंनी बैल खुंट्याला बांधले. मग त्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, झोक्याच्या मागे गेले आणि मास्तरांच्या पाठीला हात लावला.

"पाय उचला, मास्तर."

"हळूच हं, चेअरमनसाहेब," मास्तर म्हणाले. "मला सवय नाही."

रतिलालभाई हळूच ढकलू लागले.