वाणातली बाटली

उरवड्याच्या एका रसायन कंपनीत संशोधनाचे प्राधान्यक्रम नव्याने ठरवावेत, असे वरून आले. आजवर या विभागाचा प्राधान्यक्रम एकच होता : फरशी स्वच्छ व्हावी. तो अलीकडे फारच जुनाट वाटू लागला होता.

सुलक्षणाचा जीव टांगणीला लागला. लेक रेवा रांगायला लागली आणि फरशी पुसायच्या औषधाने तिचे तळवे लालेलाल झाले, तेव्हापासून सुलक्षणा प्रयोगशाळेत एकाच द्रावणाच्या मागे होती. पुसलेल्या फरशीवर बाळ रांगले, वर तोच हात तोंडात घातला, तरी काही होऊ नये. द्रावण जमले होते. आता ते बाजारात जाणार की बासनात, एवढेच ठरायचे होते.

"मॅडम, आधी कन्झ्युमरचं मत घेऊ," विभागप्रमुख शैलेशसाहेब म्हणाले. "खऱ्या घरांतलं."

संक्रांत तोंडावर होती. सुलक्षणाने नमुन्याच्या बाटल्या घोटावड्याला सासूबाईंच्या, रत्नाबाईंच्या हवाली केल्या. त्यांनी हळदीकुंकवात त्या वाण म्हणून लुटल्या. अभिप्राय एकजात उत्तम : रंग छान, बाटली देखणी. साहेब खूश. फक्त नियमानुसार रिकाम्या बाटल्या परत हव्या होत्या, आणि रथसप्तमी उलटली तरी एकही येईना.

"रिकामी कशी यील?" रत्नाबाई म्हणाल्या. "वाण हाय ते. वाण कुणी फोडतं व्हय? मी रंभाबाईला दिली, तिनं उषाला, उषानं तिच्या जावंला. आन् काल जावंनं मलाच दिली की! बघ, फळीवर ठिवलीय."

"पण आत्याबाई, त्यातल्या औषधानं फरशी पुसायची होती ना!"

"पुसाया फिनेल हाय की घरात. एवढी चांगली बाटली फरशीवर वतायची? कायतरीच तुझं."

सुलक्षणाने हे जसेच्या तसे अहवालात लिहिले. वाटले, साहेब चाचणी पुन्हा घ्यायला सांगतील. साहेब खुर्चीतून उठलेच.

"मॅडम, सोनं शोधलंत! ग्राहक उत्पादन वापरत नाही, देतो. आणि आपण वेड्यासारखे वापरण्यावर संशोधन करत बसलोय!"

प्राधान्यक्रम बदलले. आधी झाकण सोनेरी झाले. मग देताना बाटली हाताला भरीव लागावी म्हणून तिची भिंत जाड केली. आत द्रावणाला जागा उरली थोडी. तेवढ्यासाठी महागडे द्रावण कशाला, म्हणून पाणी भरले. पाणी हातोहात फिरताना गळते, म्हणून तेही गेले आणि तळाशी प्लास्टर ओतले. आता कुणी चुकून उघडून पाहिले तर? म्हणून कधीच न उघडणारे झाकण शोधायचे ठरले. ते काम अर्थातच सुलक्षणाकडे आले.

"साहेब, आणि फरशी?"

"फरशी आपली ग्राहक नाही, मॅडम."

"रांगणारी मुलं?"

"अहो, तुमचा उद्देश तर शंभर टक्के साध्य झालाय! बाटली उघडतच नाही म्हटल्यावर मुलांना अपाय होईलच कसा?"

साहेबांनी तसा शेरा मारून तिचा प्रकल्प यशस्वी ठरवला, बंद केला आणि तिला शाल-श्रीफळ दिले.

"मग द्रावणाचा उरलेला कॅन घरी नेऊ?"

"न्या ना. तेवढीच जागा होईल."

त्या संध्याकाळी सुलक्षणाने बादलीत थोडेसे द्रावण ओतून घर पुसले. रेवा ओल्या फरशीवर फटाफट हात आपटत स्वयंपाकघरापर्यंत रांगत गेली, तिथे बसकण मारून सगळी बोटे तोंडात घातली आणि आईकडे बघून खुदकन हसली. एका घरापुरते संशोधन सिद्धीस गेले होते, कॅन संपेपर्यंत.

बाटली मात्र तुफान खपली. बारसे असो, वास्तुशांत असो, डोहाळजेवण असो, कुठेही चालते. तुमच्याकडेही आली असेलच; एव्हाना पुढे गेलीही असेल. कंपनीने मोठ्या मनाने लेबलावर तक्रारीसाठी फोन नंबर छापला आहे. झाकण उघडत नाही, हे सांगायला अजून एकही फोन आलेला नाही.

तुमचाही नाही.