बायकोच्या जागेवर मी

मला फक्त एक बटण दाबायचं होतं. ते मी दाबलं. पण ते दाबण्याच्या आधी मी जे केलं, त्याबद्दल आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. एक बायकोचं आणि एक माझं. (माझं मत मी घराबाहेर असताना मांडतो.)

झालं असं, की माझ्या बायकोला संगीत तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. ती शाळेत गाणं शिकवते. पण सभागृहातले स्पीकर शिट्ट्या मारायला लागले की मुख्याध्यापिका इलेक्ट्रिशियनला फोन करत नाहीत, हिलाच हाक मारतात. ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टेबलावर चढते आणि स्पीकर निमूट होतात. (मीही होतो. मला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, नुसती नजर पुरते.) ही डिग्री करायचं तिच्या मनात लग्नाआधीपासून होतं. मधे मी आलो, मग मुलं आली, मग मुलांच्या परीक्षा आल्या. आता कुठे शाळेने रजा दिली, तीही एकाच वर्षाची.

या एका वर्षात डिग्री बसवायची तर पहिल्याच सत्रात ‘स्टुडिओ ध्वनिमुद्रण’ हा कोर्स मिळायलाच हवा होता. पुढचे सगळे कोर्स त्याच्यावर अवलंबून. तो हुकला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की रजा गेली. जागा मोजक्या, नोंदणी ऑनलाइन, आणि जो आधी पाठवेल त्याला जागा. ही नोंदणी दुपारी बाराला उघडणार होती, आणि नेमका तेव्हाच शाळेत कार्यक्रम होता. तिथे स्पीकरांकडे बघायला हिच्याशिवाय कोणी नाही.

निघताना ती मला म्हणाली, “सगळं भरून ठेवलंय. बारा वाजले की ‘पाठवा’ दाबा. बाकी कशालाही हात लावू नका.”

मी खास अर्धा दिवस रजा काढून लॅपटॉपसमोर बसलो. बारा वाजायला बराच वेळ होता. समोर तिच्या कोर्सेसचा तक्ता उघडा होता. आणि इथेच घात झाला, कारण मी बस डेपोत ड्यूटी चार्ट लावतो. कुठला ड्रायव्हर, कुठला कंडक्टर, कुठली फेरी, हे सगळं मी ठरवतो. उभं आयुष्य त्यात गेलंय. रिकाम्या वेळी माझ्यासमोर तक्ता उघडा ठेवणं म्हणजे मांजरासमोर दूध ठेवून त्याला पेपर वाचायला सांगण्यासारखं आहे.

पहिल्या नजरेतच मला कळलं की हा तक्ता एका नवशिक्या माणसाने लावलाय. पहिल्या सत्रात ध्वनिशास्त्र आणि स्टुडिओ ध्वनिमुद्रण, दोन्ही एकदम. आमच्याकडे पक्का दंडक आहे: एका माणसाला लागोपाठ दोन जड फेऱ्या द्यायच्या नाहीत. घाटाची फेरी दिली की पुढची गावातली द्यायची, म्हणजे माणूस टिकतो. बिचारी मर मर मरेल, मला वाटलं. (हे मला खरंच वाटलं. माझं प्रेम हे असं तक्त्यातूनच बाहेर पडतं.) मी ध्वनिशास्त्र उचलून दुसऱ्या सत्रात ठेवलं आणि त्याच्या जागी ‘जगभरचं संगीत ऐकणे’ नावाचा एक हलका कोर्स बसवला. त्यात नुसतं बसून ऐकायचं असतं. माझ्यासारख्या माणसाने चाळीस वर्षं केलं तरी चालेल असं काम.

मग खाली एक रिकामा रकाना दिसला. स्टुडिओत काम जोडीने करतात, तेव्हा बाहेरचा कोणी सोबती आणायचा असेल तर त्याचं नाव लिहा, ऐच्छिक आहे, असं लिहिलं होतं. ऐच्छिक असू दे, पण रिकामा रकाना मी कधी सोडलेला नाही. कंडक्टरचा रकाना रिकामा सोडून गाडी बाहेर काढली तर आमचे साहेब मलाच गाडीत बसवतात. मी तिथे माझं नाव टाकलं. तक्ता भरगच्च दिसायला लागला. बारा वाजले, मी बटण दाबलं आणि स्वतःवर खूश होऊन एक छोटी झोप काढली.

संध्याकाळी बायको घरी आली आणि चप्पल काढायच्या आधी तिने लॅपटॉप उघडला. मग तिने मला अतिशय शांतपणे बोलावलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर शांतपणाचे प्रकार कळायला लागतात. हा सगळ्यात वाईट प्रकार होता.

स्टुडिओच्या कोर्सला ध्वनिशास्त्र आधी किंवा सोबत घ्यावंच लागतं. मी ते पुढे ढकलल्यामुळे कॉम्प्युटरने हिला अपात्र ठरवलं होतं. (आमच्या डेपोत असं नसतं. सकाळची गाडी सुटली नाही म्हणून संध्याकाळच्या गाडीला कोणी अडवत नाही.) हिला बाद केल्यावर कॉम्प्युटरने सोबत्याकडे बघितलं. बाहेरच्या सोबत्याला ध्वनिशास्त्राची अट नव्हती. सोबत्याच्या तक्त्यात कसलीच अडचण नव्हती, कारण सोबत्याच्या तक्त्यात काहीच नव्हतं. त्यामुळे स्टुडिओ ध्वनिमुद्रणातली शेवटची जागा मला मिळाली होती.

“अभिनंदन,” बायको म्हणाली.

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे लॅपटॉप मिटला, शाळेच्या रजेचं पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मुलांना अभ्यासाला बसवलं. मला जेवण गेलं नाही. तिच्या मनात इतकी वर्षं असलेली गोष्ट मी एका दुपारी, डुलकीच्या आधी, उधळून लावली होती.

सकाळी मी तिला घेऊन विभागप्रमुख मॅडमकडे गेलो आणि सगळं खरं सांगितलं. मॅडम आधी हसल्या, मग नियमांचं पुस्तक काढून गंभीर झाल्या. हिचा तक्ता दुरुस्त करून त्यांनी प्रतीक्षायादीत हिचं नाव पहिलं घातलं, पण माझी जागा हिला सरळ देता येईना. लोक एकमेकांसाठी जागा धरून ठेवतात, म्हणून स्वतःहून सोडलेली जागा पुढच्या वर्षीच उघडते. (नियम मला मनापासून आवडला. आमच्याकडेही असाच असायला हवा.) एकच वाट होती. बाहेरून आलेल्या सोबत्याची कानांची चाचणी होते. त्यात तो नापास झाला तर जागा त्याच क्षणी यादीतल्या पहिल्या नावाला. निम्म्याहून जास्त उत्तरं बरोबर आली तर मात्र तो पास, आणि जागा त्याचीच.

मी हुरळून गेलो. नापास व्हायचं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला माझ्या कुवतीचं काम दिलं होतं.

चाचणी लगेच, स्टुडिओतच होती. एका खोलीत पियानो, मॅडम आणि मी. काचेपलीकडच्या खोलीत हेडफोन लावून बायको. मॅडम दोन सूर वाजवणार, मी सांगायचं कुठला वरचा. मला वाटलं, उगाच जोखीम नको. जे ऐकू येईल त्याच्या उलट सांगायचं. पहिल्या जोडीत दुसरा सूर वरचा वाटला, म्हणून मी म्हटलं, “पहिला.”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या.

पुढच्या जोडीत पहिला वाटला, म्हणून दुसरा सांगितला. बरोबर. मग तीन तीन सूर एकदम वाजवून त्यांनी विचारलं, हे आनंदी वाटतात की उदास? मला तर फारच उदास वाटले. मी म्हटलं, “आनंदी.” तेही बरोबर. अर्धी चाचणी झाली तेव्हा माझं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं, आणि मॅडम माझ्याकडे हरवलेला मुलगा सापडल्यासारखं बघत होत्या.

“तुम्ही डेपोत काय करताय?” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. असा कान त्यांनी क्वचित पाहिला होता म्हणे. सहकाऱ्याला हे ऐकवायलाच हवं म्हणून त्या त्यांना बोलवायला बाहेर गेल्या.

खोटं कशाला बोलू, मला क्षणभर फार बरं वाटलं. मोठ्या खुर्चीत बसून बटणं फिरवणारा मी मला दिसायला लागलो. साहेबांना राजीनामा देताना काय बोलायचं तेही ठरलं. तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला. काचेपलीकडे बायकोने माईकचं बटण दाबलं होतं.

“अहो, हे काय चाललंय?”

“अगं, मी मुद्दाम चुकतोय. जे ऐकू येतं त्याच्या बरोबर उलट सांगतोय.”

काचेपलीकडे तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं आता मात्र रडतेय. खांदे हलत होते. मग कळलं की हसतेय. कालपासून पहिल्यांदा ती हसत होती, आणि माझा जीव भांड्यात पडला.

“आता मुद्दाम काही करू नका,” ती म्हणाली. “खरं जे ऐकू येईल ते सांगा. अगदी मन लावून.”

“अगं, पण मन लावून सांगितलं तर पास होईन. आता एक जरी बरोबर आलं तरी जागा माझी.”

“नाही होणार. मी इतकी वर्षं ऐकतेय तुम्हाला बाथरूममध्ये. विश्वास ठेवा माझ्यावर.”

मॅडम सहकाऱ्याला घेऊन आल्या. ते खुर्ची ओढून अपेक्षेने बसले. मी डोळे मिटले आणि ऐकायला लागलो. शाळेत, कॉलेजात, नोकरीत कधी लावलं नाही इतकं मन मी त्या दिवशी लावलं. कपाळावर घाम आला. एकेक सूर मी तोलून पाहिला, आणि प्रत्येक वेळी मला स्वच्छ, लख्ख, शंभर टक्के खात्रीने उत्तर कळलं.

एकूण एक चुकलं.

सहकारी घड्याळाकडे बघायला लागले. मॅडमनी पियानोवरून हात काढला आणि संशयाने विचारलं, “तुम्ही मुद्दाम चुकताय का?”

“नाही मॅडम,” मी म्हणालो. “आत्ता नाही. मुद्दाम मी मघाशी चुकत होतो.”

मॅडम म्हणाल्या की इतकी वर्षं शिकवतेय, पण कान दोन्ही शाबूत असून सगळा माल उलटा पोचवणारा माणूस पहिल्यांदा बघतेय. आता शेवटचा एकच प्रश्न उरला होता. त्यांनी तो माझी दया येऊन सोपा घेतला. पियानोच्या एका टोकाचा सूर, मग दुसऱ्या टोकाचा. माझ्यासारख्यालाही सुटेल असा. काचेपलीकडे बायकोचं हसू थांबलं. तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले.

मी फार विचार केला, आणि मनापासून चुकलो.

बायको काचेपलीकडच्या खोलीतून पळत आली. सगळ्यांसमोर तिने माझा हात धरला आणि “थँक यू” म्हणाली. मॅडमनी तिथल्या तिथे तिचं नाव त्या जागेवर चढवलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्या आल्या तिने आईला फोन लावला, म्हणजे माझ्या सासूबाईंना. त्या कालपासून देव पाण्यात घालून बसल्या होत्या. फोन स्पीकरवर होता.

“आई, मिळाली जागा.”

“आणि जावईबापू?”

“नापास झाले. पोटतिडकीने प्रयत्न केला त्यांनी, आई. अगदी घाम गाळून.”

सासूबाईंनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. लग्नानंतर त्यांनी माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही, पण त्या दिवशी त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला होता.

“मी तुला म्हटलं नव्हतं? त्यांनी एकदा मनावर घेतलं, की होतंच.”