दिंडोरीची वाइन, डिंडोलीची साडी

गेल्या जानेवारीत सासुरवाडीला जेवता जेवता माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. "टॅग ना, मी देतो लिहून." तोंडात घास असताना माणसानं कुणाला शब्द देऊ नये, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझी सासुरवाडी नाशिकजवळच्या दिंडोरीची. मेहुणा गजेंद्र, त्याची बायको सोनाली आणि सासूबाई अशी तिघं मिळून तिथं एक वायनरी चालवतात. छोटीच आहे. द्राक्षं घरची, टाक्या चार, आणि मॅनेजर, मुकादम, पहारेकरी हे सगळं सासूबाई. वाइन मात्र चांगली. मला त्यातलं फारसं कळत नाही (पहिला पेला मी ताकासारखा एका दमात संपवला आणि मीठ आहे का विचारलं), पण जाणकारही तेच म्हणत. किंमत मोठ्या कंपन्यांच्या निम्मी. तरी बाटल्या खपत नव्हत्या. मेळ्यात लोक यायचे, चाखायचे, मान डोलवायचे आणि शेजारच्या चकचकीत स्टॉलवरून नावाजलेली बाटली घेऊन जायचे.

गजेंद्रचं म्हणणं, आपली बाटली दिसायला गरीब आहे. लेबल सरकारमान्य असतं, त्याला हात लावता येत नाही, पण गळ्यात एखादा झकास टॅग लटकवला तर? फेब्रुवारीत नाशकात वाइनचा मेळा होता. यंदाही माल हलला नाही तर पुढच्या वर्षीपासून द्राक्षं सरळ कंपनीला घालायची आणि टाक्या विकून टाकायच्या, असं त्यानं ठरवलं होतं. हे तो हसत हसत बोलला, पण वाढता वाढता सासूबाईंचा हात थांबला. तेव्हाच माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

आता मी अगदीच हवेत बोललो नव्हतो. सुरतेला पर्वत पाटियाजवळच्या कापड मार्केटात मी क्लार्क आहे. आमच्या शेठचा माल खानदेशात जातो, म्हणून साड्यांवरचे टॅग मराठीत लागतात आणि ते माझ्याकडे असतात. साड्यांना नावं ठेवणं (म्हणजे देणं) हाच माझा धंदा. साडी काय आणि वाइन काय, असं मला वाटलं.

तसं नव्हतं. एक तर गुजरातेत दारूबंदी. ज्या वस्तूचं वर्णन करायचं, तिचा थेंबसुद्धा समोर ठेवता येईना. मग मी काळी द्राक्षं आणायचो, एकेक चघळत डोळे मिटून बसायचो आणि शब्द सुचले की मोठ्यानं म्हणून बघायचो. माझी आई, धुरपदाबाई, अहिराणीत वर्षाला विचारायची, "हाऊ काय बडबडस वं?" वर्षा, म्हणजे माझी बायको, सांगायची की ऑफिसचं काम आहे, आणि मला खूण करून आवाज खाली घ्यायला लावायची. सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या चाळवजा सोसायटीत भिंती पातळ आहेत, आणि "मदिर, लाल, धुंद" असं रोज संध्याकाळी ऐकू येणं बरं नव्हे.

तीन आठवड्यांनी मजकूर तयार झाला. "सह्याद्रीच्या कुशीत पहुडलेल्या द्राक्षवेलींच्या निळ्या स्वप्नांतून पाझरलेली ही लाल वाइन" अशी सुरुवात होती. पाठोपाठ तीन वाक्यं तशीच, आणि शेवटी कामाच्या सूचना. मी तो वर्षाला वाचून दाखवला. ती म्हणाली, दमले असाल, जेवून घ्या.

त्याच आठवड्यात शेठच्या नव्या साड्यांचे टॅगही छापायचे होते. खर्च वाचावा म्हणून दोन्ही टॅग एकाच छापखान्यात, एकाच मापाचे, एकाच सोनेरी काठाचे केले. छापखानेवाल्याला मी बजावून सांगितलं की साडीचे टॅग डिंडोलीला माझ्या घरी पाठव आणि दुसरे कुरियरनं दिंडोरीला. तो म्हणाला, हो, समजलं, डिंडोली. मी म्हटलं, एक डिंडोली, एक दिंडोरी. तो म्हणाला, तेच की.

शुक्रवारी घरी आलेलं पाकीट मी न उघडताच दुकानात नेऊन पॅकिंगवाल्यांकडे दिलं. दुपारी शेठनं बोलावलं. त्यांच्या मांडीवर एक गुलाबी साडी होती आणि ते टॅग अक्षर लावून लावून वाचत होते. "थंड करून घ्यावी. उघडल्यावर चार दिवसांत संपवावी." त्यांनी शांतपणे विचारलं की हे कापड कुठलं आहे. मग त्यांची नजर वरच्या ओळीत 'वाइन' या शब्दावर गेली. ते उठले आणि दुकानाचं शटर त्यांनी स्वतःच्या हातानं अर्धं खाली ओढलं.

"हिलालभाई," ते हळू आवाजात म्हणाले, "मारी दुकानमां वाइन?"

संध्याकाळपर्यंत एकही टॅग इथं दिसता कामा नये, आणि सोमवारी तुम्ही इथं दिसायचं की नाही ते मग बघू, असं त्यांनी सांगितलं. मी खाली बसून दोरे कापू लागलो. चाळीसाव्या साडीला माझी कात्री थांबली. वाइनचे टॅग इथं आहेत, तर साडीचे कुठं आहेत?

मी सोनालीला फोन लावला. टॅग मिळाले का, विचारलं. मिळाले, सगळ्या बाटल्यांना बांधूनही झाले, ती म्हणाली. वाचलेस का, विचारलं. "वाचले ना. दाजी, तुमचं डोकं म्हणजे..." आणि फोन कटला. त्यानंतर तिचा लागेना आणि गजेंद्रचाही लागेना. डोकं म्हणजे काय, हा विचार करत मी घरी आलो.

शनिवारी पहाटेच्या बसनं मी आणि वर्षा सापुताऱ्यामार्गे नाशकाला निघालो. मांडीवरच्या पिशवीत वाइनचे खरे टॅग होते. चेकपोस्टवर मला घाम फुटला. लोक तिकडून इकडे बाटल्या लपवून आणतात, मी इकडून तिकडे पुठ्ठा लपवून नेत होतो. हवालदारानं बसकडे बघितलंसुद्धा नाही. वर्षा वाटभर एकदाच बोलली. म्हणाली, दादाला मी समजावीन, तुम्ही मागं उभे राहा.

मेळ्यात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गजेंद्रच्या स्टॉलभोवती ही गर्दी. मला वाटलं, मारताहेत. मी पिशवी छातीशी धरून आत घुसलो. मधोमध एक बाई बाटली हातात धरून, बातम्या वाचावं तसं वाचत होत्या.

"नेसायला हलकी. दिवसभर अंगावर असली तरी जड वाटत नाही. पहिल्या धुलाईत रंग थोडा जाईल, स्वभाव तोच राहील. सासू-सून दोघींना शोभेल. ब्लाउज पीस आत आहे."

लोक पोट धरून हसत होते. एक गृहस्थ बाटली उजेडात धरून ब्लाउज पीस शोधत होते. एक सासू-सून खरोखरच जोडीनं दोन बाटल्या घेऊन गेल्या. आणि हसायला थांबलेला प्रत्येक जण सोनालीनं पुढं केलेला घोट घेत होता, दुसऱ्यांदा टॅगकडे न बघता किंमत विचारत होता, आणि किंमत ऐकून एकाच्या जागी दोन घेत होता. एक निवृत्त शिक्षिका मला म्हणाल्या, हसायला थांबले होते, पण घेतली ती चवीसाठी. एवढ्या पैशांत अशी वाइन मिळते, हे आधी का नाही सांगितलं कुणी? शेजारच्या चकचकीत स्टॉलवरची मुलंसुद्धा आमच्याकडे येऊन टॅग वाचत होती.

चारच्या सुमारास रविवारसाठी राखलेली खोकीही उघडावी लागली. पाचला स्टॉलवर नुसतं टेबल उरलं. गजेंद्रनं मला मिठी मारली आणि गर्दीला ओरडून सांगितलं की ही सगळी आमच्या सुरतेच्या दाजींची करामत. मग आपल्या आईकडे वळून एवढंच म्हणाला, "टाक्या नाही विकायच्या." सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग त्याच पदरानं एक रिकामं खोकं पुसलं आणि म्हणाल्या, जावईबापू, बसा. मी बसलो. पिशवी पायानं हळूच टेबलाखाली सरकवली. (शेठचंही इथंच सांगून टाकतो. सोमवारी त्यांनी मला ठेवलं. फक्त यापुढं प्रत्येक टॅग आधी त्यांना वाचून दाखवायचा, असा नियम झाला.)

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. वाइनच्या निळ्या स्वप्नांत मी इतका बुडालो होतो, की साडीच्या टॅगला मला वेळच मिळाला नव्हता. वर्षानं भाकरी थापता थापता सांगितलं आणि मी लिहून घेतलं. 'स्वभाव तोच राहील' हे वाक्य तर तिनं तवा उतरवताना, माझ्याकडे बघत म्हटलं होतं. पण खोक्यावर बसल्यावर हे सांगायची सोय नव्हती. मी वर्षाकडे पाहिलं. ती नुसती हसत होती.

तेवढ्यात पलीकडच्या स्टॉलवरचे भगवंतराव आणि त्यांच्या पत्नी प्रभावतीबाई आले. त्यांचीही अशीच घरची वायनरी, वाइन पांढरी, आणि दिवसभरात गिऱ्हाइकं जेमतेम दहा. भगवंतरावांनी मला नमस्कार केला. म्हणाले, उद्यासाठी आम्हालाही काहीतरी लिहून द्या, हातानं लिहिलेलं चालेल. मी मोठ्या मनानं हो म्हटलं, पेन मागवलं, एक घोट घेतला, डोळे मिटले आणि दहा मिनिटांत चार ओळी लिहून दिल्या. त्यात चांदणं होतं, दव होतं आणि एक राजहंस होता.

भगवंतरावांनी कागद वाचला. प्रभावतीबाईंनी वाचला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भगवंतरावांनी तो नीट घडी घालून खिशात ठेवला आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून वर्षाला विचारलं, "ताई, तुम्हाला कशी वाटली वाइन?"

वर्षानं पेला खाली ठेवला. "पाहुणे आले की उघडा," ती म्हणाली. "पाहुणे गेले की उरलेली तुमची."

प्रभावतीबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. भगवंतरावांनी लगेच कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला.

"घ्या लिहायला," ते म्हणाले. "ताईंनी सांगितलं तसंच. तुमचं अक्षर फार सुंदर आहे."