अडलेली कहाणी

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्या राजपुऱ्यातल्या बाया उपाशी राहायच्या, पण व्रतामुळं नव्हे, यमुनावहिनीमुळं.

रीत अशी, की मुठीत अक्षता धरून कहाणी ऐकायची, ती संपली की अक्षता वाहायच्या, मगच जेवायचं. कहाणी सगळ्यांना पाठ. राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. शेवटी नावडतीला राज्य, आवडतीला वनवास. पण शेजारची यमुनावहिनी सांगायला बसली की कहाणी थेट बादशाही अमदानीत शिरायची. राजा फौजेबरोबर दक्षिणेत, दोघी राण्या तापीकाठच्या किल्ल्यात एकट्या. "आता सांगा," ती विचारायची, "आवडतीला झोप लागत असेल का? आज हिला काढलं, उद्या मला काढील, हे तिला कळत नसेल?" बायांच्या मुठीत अक्षतांचा भात व्हायचा. आणि शेवट? "तो पुढच्या शुक्रवारी." म्हणजे तो दिवस सगळ्या उपाशीच.

माझी बायकोही तिथंच, म्हणजे माझंही जेवण अडलेलं. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण गप्प बसणारा नाही. तेव्हा संस्थानं विलीन होत होती. ओसरीवरून ओरडलो, "वहिनी, खरे राजे पेन्शनीत निघाले, तुमच्या राण्यांचं आटपा!"

"राजे गेले भाऊजी," आतून आवाज आला, "राण्यांनी कुठं जायचं?"

मी उठून बैलांना कडबा टाकायला गेलो.

ती असं का म्हणाली, ते ठाऊक होतं. वहिनी ही दुसरी बायको. पहिली, पार्वतीबाई, नवऱ्यानं तुकईथडच्या शेतावर धाडलेली. नवरा वारला, तरी दोघींची भेट नव्हती.

पुढं मी कडबा आणायला तुकईथडला निघालो, तर वहिनी गाडीला आडवी.

"येताना तिला आणा. म्हणावं, कहाणी अडलीय."

"नाही आली तर?"

"तर बाया उपाशी मरतील. तुम्हीपण."

पार्वतीबाई आली. रस्ताभर माझ्याशी नाही, बैलांशी बोलली. शुक्रवारी उंबऱ्यापाशीच टेकली. वहिनीनं तिच्या मुठीत अक्षता दिल्या. "तू मोठी. शेवट तू सांग."

आवडतीचा वनवास आता नावडतीच्या तोंडी.

"मग दोघी राण्या जेवल्या," पार्वतीबाई म्हणाली. "संपली कहाणी." अक्षता वाहिल्या. "वाढ आता. मले भूक लागली."

वहिनीनं पहिलं पान तिचं वाढलं. पुरणावर तूप सोडताना हात थांबेना. ओसरीवर मी तसाच उपाशी, कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी ओरडलो नाही.