कासवआजोबा 'होय' दाबतात

एका जंगलात एक संगणक होता.

जंगलात संगणक कशाला, असं विचारू नका, मुलांनो. तुमच्या शाळेच्या ऑफिसात फुलाफुलांचं कापड पांघरून जो बसलेला असतो, तो तरी कशाला असतो? हा निदान कामाचा होता.

उन्हाळ्यात त्या जंगलातले सगळे झरे आटायचे. एकच पाणवठा उरायचा. तिथे कोणी कधी जायचं, याचं वेळापत्रक संगणकात होतं. ससे सहाला. गवे सातला. चितळं नऊला. वाघ चारला. दर सोमवारी या वेळा बदलायच्या, कारण भर दुपारचं ऊन कोणालाच कायमचं नको होतं.

वाघ कायद्याचा पक्का होता. दुसऱ्याच्या वेळेला तो पाणवठ्याकडे फिरकत नसे. स्वतःच्या वेळेला मात्र तिथे कोणी सापडलं, तर तो पाणी नंतर प्यायचा.

हे वेळापत्रक शलाका नावाची एक तरुण चितळ सांभाळायची. ती नदीपलीकडच्या कॉलेजात शिकून आली होती. तिच्या आईचा मागचा एक पाय तारेच्या कुंपणात अडकून कायमचा अधू झाला होता. आई चालू शकायची. धावू शकायची नाही. म्हणून शलाका ते वेळापत्रक रोज तपासायची, आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये घालून गळ्यात बांधून फिरायची.

संगणक शलाका चालवायची, पण तो होता समितीचा. समिती मोहाच्या झाडाखाली बसायची. अध्यक्ष होते हत्ती. त्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत. सभासद होते अस्वलकाका आणि कावळेकाका. सगळ्यात वडील होते कासवआजोबा. ते बोलत नसत. त्यांच्याकडे फक्त मान होता.

कसला मान? सांगते. संगणकाच्या पडद्यावर कधी एखादी चौकट यायची. चौकटीत काहीतरी प्रश्न असायचा आणि खाली दोन बटणं असायची, 'होय' आणि 'नाही'. ते बटण दाबायचा मान कासवआजोबांचा. आणि जंगलात अशी रीत होती की दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. चौकटसुद्धा दारातच आलेली. आजोबांना प्रश्न वाचायला पाऊण तास लागायचा. समोरच्याला एवढा वेळ ताटकळत ठेवणं वाईट दिसतं, म्हणून ते न वाचताच 'होय' दाबायचे.

तुमच्या घरातही असे एक असतील. नाव घेऊ नका. ते आत्ता ऐकत असतील.

तर एके दिवशी संगणक धापा टाकू लागला. एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की रांगेतल्या गोगलगाईसुद्धा कंटाळून निघून गेल्या. शलाकाने आत डोकावून पाहिलं. आत नऊ हजार 'शुभ सकाळ' होत्या. गुलाबाच्या, कमळाच्या, उगवत्या सूर्याच्या. त्यातल्या एका कमळातून रोग आत आला होता.

"हे कमळ कोणी उघडलं?" शलाकाने विचारलं.

"मी," आप्पासाहेब म्हणाले. "माझ्या आतेभावाने पाठवलं होतं."

"तुमच्या आतेभावाकडे तर फोनही नाही, आप्पासाहेब."

"म्हणून तर कौतुक वाटलं. फोन नसताना आठवण काढली."

शलाकाने दीर्घ श्वास घेतला. कॉलेजात तिला हे शिकवलं होतं. "आपल्याला अँटिव्हायरस लागेल," ती म्हणाली. "संगणकाच्या दारावरचा राखणदार."

"फुकट मिळतो का?" अस्वलकाकांनी विचारलं.

"मिळतो. फुकटातलेही चांगले असतात. पण एकच घ्यायचा. ज्याने बनवला, त्याच्याच जागेवरून घ्यायचा, वाटेत कोणी हातात दिला म्हणून नाही. तो वेळच्या वेळी अपडेट करायचा. आणि आलेलं प्रत्येक कमळ उघडायचं नाही."

 एवढं सरळ उत्तर तिथे कोणी कधी दिलं नव्हतं.

"मुलगी हुशार आहे," आप्पासाहेब म्हणाले. "आता आपण यावर चर्चा करू."

चर्चा चार दिवस चालली. अस्वलकाकांनी एक फुकटचा राखणदार आणला. त्याच्या चित्रात ढाल होती. आप्पासाहेबांनी दुसरा आणला. त्याच्या चित्रात ढाल आणि तलवार होती. कावळेकाकांनी तिसरा आणला. त्याच्या चित्रात एक छोटंसं अंडं होतं.

"हा कोणी बनवला?" शलाकाने विचारलं.

"आपल्या कोकिळाबाईंनी."

"कोकिळाबाईंनी? आणि तुम्ही विश्वास ठेवलात?"

"अगं, मी ठेवणार नाही तर कोण ठेवणार?" कावळेकाकांची मान ताठ झाली. "त्यांचं घराणं मी पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. त्यांची मुलं आमच्या घरट्यात वाढली आहेत. इतक्या गोड आवाजाची बाई खोटं कशाला बोलेल?"

मुलांनो, हसू नका. कावळेकाका पदवीधर होते.

"एकच निवडा," शलाका पुन्हा म्हणाली. "दोन राखणदार एका दारात ठेवले, तर ते एकमेकांनाच चोर समजतात."

"हे बघ," आप्पासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "अस्वलांचा घेतला तर कावळे रुसतील. कावळ्यांचा घेतला तर मी रुसेन. आपण तिन्ही घेऊ. तिप्पट राखण होईल."

कासवआजोबांनी तीन वेळा 'होय' दाबलं. टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून आतमध्ये धुमश्चक्री सुरू झाली. अस्वलकाकांच्या राखणदाराने आप्पासाहेबांच्या राखणदाराला पकडलं आणि पडद्यावर लिहिलं, 'चोर सापडला.' आप्पासाहेबांच्याने तेच अस्वलकाकांच्याबद्दल लिहिलं.

"माझ्या माणसाला चोर म्हणता?" आप्पासाहेब गरजले.

"आधी तुमच्याने म्हटलं," अस्वलकाका म्हणाले. त्यानंतर आठवडाभर ते एकमेकांकडे पाठ करून बसले. खरे चोर कमळातून ये-जा करत राहिले. त्यांना कोणी अडवलं नाही. राखणदार कामात होते.

अंड्याचा राखणदार मात्र शांत होता. दर पंधरा मिनिटांनी तो गोड आवाजात एकच वाक्य म्हणायचा, "तुमच्या संगणकात चारशे बारा किडे सापडले आहेत."

"बघा," कावळेकाका म्हणाले. "या दोघांना एकेक चोर सापडला, तोही घरातला. अंड्याला चारशे बारा."

"काका, काल चारशे बारा, आज चारशे बारा, सकाळी चारशे बारा, दुपारी चारशे बारा," शलाका म्हणाली. "किडे एवढे शिस्तीचे असतात का?"

"आपल्या जंगलातले असतात."

मग अंड्याची चौकट आली. किडे काढायचे असतील तर बाकीचे दोन्ही राखणदार बंद करावे लागतील, बंद करू का? शलाका "थांबा" म्हणेपर्यंत कासवआजोबांचा पाय बटणावर पोहोचला होता. एरवी ते मोहाच्या झाडाभोवती फेरी मारायला सकाळची दुपार करायचे. 'होय' दाबताना मात्र कुठून वेग यायचा, देव जाणे.

"ती गळ्यातली वस्तूही लाव त्याला," अस्वलकाकांनी शलाकाला फर्मावलं. "तीसुद्धा तपासून घेऊ."

"नाही लावणार."

"म्हणजे? आमच्यावर विश्वास नाही तुझा?"

"पुष्कळ आहे, काका. म्हणून तर प्रत ठेवली आहे."

शिकलेल्या मुली फार उलट बोलतात, असा ठराव त्या दिवशी एकमताने झाला.

आणि मग सोमवार उजाडला.

त्या आठवड्याचं वेळापत्रक शलाकाने अंड्याची चौकट येण्याआधीच तयार करून प्रतीत उतरवलं होतं. चितळांची वेळ नऊचीच राहिली होती. आई बाकीच्यांच्या मागे राहायची, म्हणून ती एकटीच आठलाच पाणवठ्याकडे निघाली, तिच्या तिच्या चालीने.

साडेआठला संगणक उघडला. पडद्यावर अंडं फुटलेलं होतं. आत एक गलेलठ्ठ पिल्लू चोच उघडून बसलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'आणखी द्या.' पिल्लाने आत ऐसपैस जागा करून घेतली होती. वेळापत्रक घरट्याबाहेर गेलं होतं.

तेवढ्यात वाघ आला. नेहमीसारखा नम्र, नेहमीसारखा उपाशी.

"नमस्कार. आज माझी वेळ कोणती?"

समितीने एकमेकांकडे पाहिलं.

"बहुधा चार," आप्पासाहेब म्हणाले.

"बहुधा कायद्यात बसत नाही. लेखी दाखवा."

"चारचीच आहे," शलाका म्हणाली. "मीच लावलं आहे. नऊची चितळांची आहे."

"तू चितळ आहेस," वाघ म्हणाला. "तू असंच म्हणणार. मला वाटतं, वेळापत्रक नसेल तर मी पाण्यावर जाऊन बसावं. ज्याला जेव्हा यायचं असेल तेव्हा त्याने यावं. माझी हरकत नाही."

शलाकाच्या डोळ्यांसमोर एक अधू पाय आला, ओल्या मातीत जपून टाकलेला. धावत जाऊन आईला गाठलं असतं, तरी आई धावणार नव्हती.

"थांबा, वाघसाहेब," ती म्हणाली. "वेळापत्रक नसेल तर कोणाचीच वेळ नाही. कोणाचीच नाही म्हणजे तुमचीही नाही. आपली वेळ नसताना पाणवठ्यावर जाणं कायद्यात बसतं का?"

वाघाने विचार केला. मग तो खाली बसला. मुलांनो, कायदा मानणाऱ्याशी निदान वाद घालता येतो. समितीशी तेवढंही नाही.

"नऊ वाजेपर्यंत थांबतो," वाघ म्हणाला. "तोपर्यंत लेखी मिळालं नाही, तर मी जंगलाच्या जुन्या कायद्याने जाईन. तो मला तोंडपाठ आहे."

"लाव गं ती तुझी वस्तू," कावळेकाका घाईने म्हणाले. "त्यात आहे ना प्रत?"

"या पिल्लाच्या तोंडात देऊ? ते हीसुद्धा गिळेल. आधी संगणक पूर्ण पुसायला हवा. सगळं. मग पुन्हा नव्याने उभा करायचा. कॉलेजातून आणलेली तबकडी आहे माझ्याकडे."

"सगळं म्हणजे?" आप्पासाहेबांची सोंड खाली आली. "माझ्या शुभ सकाळीसुद्धा?"

"नऊ हजारही."

"त्यात आमच्या मोठ्या मावशींचा शेवटचा सूर्योदय आहे, शलाका."

"पाणवठ्यावर माझी आई आहे, आप्पासाहेब."

आप्पासाहेबांनी सोंड पुन्हा वर घेतली. मग खाकरून म्हणाले, "विषय गंभीर आहे. यावर चर्चा करू. गुरुवारी बैठक ठेवू."

"गुरुवारी मला जमणार नाही," अस्वलकाका म्हणाले. त्यांची पाठ अजून आप्पासाहेबांकडे होती.

पावणेनऊ झाले. वाघ अंगावरचे पट्टे चाटून नीट करत होता.

शलाका समितीशी आणखी बोलत बसली नाही. तिने तबकडी आत सरकवली. दोन बटणं दाबली. पडद्यावर एक मोठी चौकट उमटली, 'या संगणकातलं सर्व काही कायमचं पुसायचं आहे का?' खाली 'होय' आणि 'नाही'.

मग ती बाजूला झाली आणि अदबीने मान झुकवून म्हणाली, "आजोबा, मान तुमचा."

"थांबा, थांबा, आधी वाचा," आप्पासाहेब ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच.

कासवआजोबांनी 'होय' दाबलं.

पिल्लू गेलं. अंडं गेलं. कमळं, गुलाब, मावशींचा सूर्योदय, तीन राखणदार, चारशे बारा किडे, सगळं गेलं. पडदा धुतल्यासारखा निळा झाला. शलाकाने मग गळ्यातली प्रत सोडली आणि लावली. नऊला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर ओळी उमटल्या. चितळं नऊ. वाघ चार.

वाघाने त्या दोनदा वाचल्या. "शुद्धलेखन चांगलं आहे," तो म्हणाला आणि उठून छायेत झोपायला गेला.

आई दहाला परतली. तोंड ओलं होतं. "आज पाणी गार होतं," ती म्हणाली. "तुझं काय चाललंय, दम लागल्यासारखी दिसतेस?"

"काही नाही. ऑफिसचं काम," शलाका म्हणाली, आणि आईच्या मानेवर मान टाकून बराच वेळ उभी राहिली.

दुपारी तिने एकच अँटिव्हायरस घेतला. फुकटचा, बनवणाऱ्याच्या जागेवरून. दहा मिनिटं लागली.

संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली. संकटाच्या क्षणी योग्य बटण दाबल्याबद्दल कासवआजोबांचा पळसाची पानं पांघरवून सत्कार झाला. आप्पासाहेबांनी भाषणात सांगितलं की अनुभवाला पर्याय नसतो. शलाकाला एक पत्र मिळालं. नऊ हजार शुभ सकाळी नष्ट झाल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा, असं त्यात होतं.

तिने खुलासा लिहिला, गळ्यातली प्रत अपडेट केली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर एक कमळ आलं. नव्या राखणदाराने ते अडवलं आणि विचारलं, 'हे धोकादायक वाटतं. तरीही आत घेऊ का?'

कासवआजोबांनी पाय उचलला.

तात्पर्य : मुलांनो, वडीलधाऱ्यांना नव्या गोष्टी समजावून सांगण्यात तारुण्य वाया घालवू नका. ते 'होय'च म्हणणार आहेत. प्रश्न तेवढा तुम्ही लिहीत जा. आणि ज्या दिवशी तुमच्या आधी दुसऱ्याच कोणी लिहिला, त्या दिवसासाठी एक प्रत गळ्यात असू द्या.