फौजी बिल्ले होना!

"छे, छे! सुरुवात कसली? संग्रह तर आहेच आमच्याकडे! हवाई दलाचे जुने बिल्ले म्हणजे माझा जीव की प्राण!"

हे वाक्य सुधीर आगाशेच्या तोंडून निसटलं तेव्हा त्याच्या हातात मसालेभाताची प्लेट होती आणि समोर निवृत्त विंग कमांडर लक्ष्मणराव कौठेकर उभे होते. हिमायतनगरात मराठी मंडळींचं स्नेहभोजन होतं. सुधीर कंपनीच्या बदलीवर पुण्याहून हैदराबादला आलेला, राहायला कुकटपल्लीत. त्याचा तो संग्रह म्हणजे एकुलता एक बिल्ला! आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलेला, पितळी, दोन पंखांचा, मागची पिन वाकलेली. पण तो हाती लागल्यापासून गडी असा काही पेटला होता, की पंख्याकडे बघतानाही त्याला विमानाची पाती दिसायची.

लक्ष्मणरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ऐंशी उलटली तरी माणूस ध्वजाच्या काठीसारखा ताठ!

"माझ्याकडे डबाभर आहेत," ते म्हणाले. "काही माझे, काही मित्रांचे. मित्र बरेचसे गेले. मुलगा कॅनडात, त्याला यात गम्य नाही. चांगल्या हाती पडावेत एवढीच इच्छा. पण उठवळ हौशी माणसाला मी देणार नाही. आधी संग्रह बघणार, मग घर बघणार. शांत, नीटनेटकं घर पाहिजे."

"आमच्याइतकं शांत घर अख्ख्या हैदराबादेत सापडायचं नाही!"

"मग रविवारी सकाळी येतो."

सुधीरने मसालेभाताची प्लेट तशीच टेबलावर ठेवून दिली.

परतीच्या वाटेवर अलकाने, म्हणजे त्याच्या बायकोने, तोंड उघडलं. "संग्रह? एका बिल्ल्याचा?"

"दोन पंख आहेत त्याला."

"पंख दोन असले तरी बिल्ला एकच, सुधीर! त्या म्हाताऱ्या माणसाशी खोटं कशाला बोललास?"

"खोटं नाही गं. थोडं आगाऊ बोललो. रविवारपर्यंत ते खरं करायचं, बस!"

पण खरं करायचं कसं? ऑनलाइन मागवावेत, तर पार्सल यायच्या आत रविवार उलटणार. ऑफिसात विचारावं, तर सगळ्यांकडे कंपनीचे गळ्यात लटकवायचे बिल्ले! सुधीरची भूक गेली. मीटिंगमध्ये कोणी 'विंग' म्हटलं तरी त्याला दरदरून घाम फुटायला लागला. डोळ्यांपुढे एकच चित्र: लक्ष्मणराव रिकाम्या काचपेटीसमोर उभे आहेत, आणि एक अक्षर न बोलता डबा काखोटीला मारून निघून जातायत.

शेवटी त्याला मस्तानभाई आठवला. कॉलनीच्या तोंडाशी त्याचं भंगाराचं दुकान. साऱ्या शहरातल्या जुन्या सामानवाल्यांशी त्याची ओळख. सुधीरने त्याला व्हॉइस मेसेज पाठवायचं ठरवलं, आणि तोही अस्सल हैदराबादी बोलीत! आपल्याला ती बोली झकास जमते असा त्याचा ठाम समज होता. वाक्याच्या शेवटी 'पाहिजे'ऐवजी 'होना' किंवा 'नको'ऐवजी 'नक्को' लावलं की झालं, अशी त्याची व्याकरणाची एकूण बैठक.

फोन तोंडाजवळ धरून तो दणक्यात बोलला, "मस्तानभाई, मेरेको पुराने बिल्ले होना! फौजी बिल्ले! लडाई देखे हुए! नये नक्को. कटे-फटे हो तो भी चलते. जित्ते पुराने, उत्ते अच्छे! मैं उनको ब्रश से घिसके, पॉलिश मारके, काँच की पेटी में पिन मारके दीवार पे लगाऊँगा. रविवार सुबह के अंदर होना, अर्जंट!"

मस्तानभाईचं उत्तर यायला बराच वेळ लागला. आलं तेही जरा दबक्या आवाजात. "पिन मारके, साब?"

"हौ! हर एक को!"

"अच्छा. बडे लोगां का बडा शौक. पूछता मैं सबको."

सुधीरचा जीव भांड्यात पडला. बिचारा!

रविवार उजाडला. सुधीरने काचपेटी पुसली, मधोमध आपला बिल्ला लावला आणि बाकीच्या मखमलीवर हात फिरवत दाराकडे कान लावून बसला. बेल वाजली. लुंगीतला एक धिप्पाड माणूस पोतं घेऊन उभा होता.

"मस्तानभाई भेजे. बिल्ला लाया साब."

"एवढ्या मोठ्या पोत्यात?"

तेवढ्यात पोतं हललं. सुधीर मागे सरकला. पोत्यातून असा काही आवाज आला, की जिन्यातला दिवासुद्धा लुकलुकल्यासारखा वाटला!

"मच्छी मार्केट का है," तो माणूस अभिमानाने सांगू लागला. "एक आँख नहीं. कान फटा हुआ. पूरे मोहल्ले से लडा है. तुमना जैसा होना था, वैसाच लाया!"

त्याने गाठ सोडली. पिवळ्या पट्ट्यांचा, वासराएवढा एक बोका बाहेर पडला, सुधीरच्या दोन पायांमधून सरळ घरात शिरला आणि सोफ्याखाली जाऊन गुरगुरू लागला. सुधीरच्या तोंडून शब्द फुटायच्या आत पोतं झटकून माणूस पसार!

"अलका!"

"बघितलं." ती स्वयंपाकघराच्या दारात लाटणं धरून उभी होती. "हा कुठल्या विमानातून उतरला?"

पुन्हा बेल! या वेळी बुरख्यातल्या एक आजी, आणि त्यांच्या टोपलीत काळाकुट्ट बोका. "बेटा, बहुत बुड्ढा है, पर पॉलिश नक्को मारो उसको. वैसेच चमकता." आजींच्या मागे एक रिक्षावाला. त्याच्या काखेत तिसरा, पायाला फडकं बांधलेला.

"नहीं होना! बिल्ली नहीं होना!" सुधीर ओरडला.

"बिल्ली किद्दर है साब? बिल्लाच है, देख लो!" असं म्हणत रिक्षावाल्याने तो खाली सोडला.

मग जे झालं त्याला युद्ध म्हणणंच योग्य. मच्छी मार्केटवाल्याने सोफ्याखालून चढाई केली, काळा पडद्यावर चढला, लंगडा डायनिंग टेबलावरून झेपावत थेट काचपेटीवर उतरला. पेटी वाचली, मखमल गेली. सुधीर हातात सुपली घेऊन गोल गोल धावत होता आणि दर फेरीला घड्याळाकडे बघत होता. लक्ष्मणराव निघाले असतील! बाळानगरपर्यंत आलेही असतील! शांत, नीटनेटकं घर बघायला!

फोन वाजला. अपार्टमेंटचे सेक्रेटरी भगवंतराव. मूळचे नांदेडकडचे, पण दोन पिढ्या हैदराबादेत मुरलेले.

"सुधीरराव, काय करायलात तुम्ही? तुमचा तो मेसेज साऱ्या कॉलनीत फिरायलाय! आमची रेणू पोलिसाला घेऊन वर यायलीय!"

"पोलीस? कशाला?"

"आता मी तरी काय सांगू? तुम्हीच बोललात ना, पिन मारून भिंतीला लावतो म्हणून!"

सुधीरने फोन सोफ्यावर फेकला. त्याने अलकाच्या मदतीने कसेबसे तिन्ही बोके बेडरूममध्ये कोंडले आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. आतून खरवडण्याचे आवाज, छातीत धडधड. त्यातून कुठलं काय वाजतंय तेच कळेना!

बाहेरचं दार उघडंच होतं. आधी आत आली रेणू, भगवंतरावांची लेक. कॉलेजात शिकणारी, रस्त्यावरच्या कुत्र्यामांजरांना रोज खायला घालणारी. मागे धापा टाकत भगवंतराव. त्यांच्या मागे एक तेलुगू कॉन्स्टेबल. आणि कॉन्स्टेबलच्या मागे, काखेत पत्र्याचा डबा धरून, ध्वजाच्या काठीसारखे ताठ लक्ष्मणराव!

"अंकल, हाऊ कुड यू!" रेणूचा आवाज थरथरत होता. "कॅट्सना ब्रशनी घासणार? पॉलिश मारणार? वॉलवर पिन करणार? तुम्ही माणूस आहात का कोण आहात?"

"कॅट्स? अगं, मी बिल्ले मागितले होते!"

"तेच तर! बिल्लेच!" तिने फोन पुढे करून मेसेज लावला. सुधीरचाच दणकट आवाज खोलीभर घुमला: "कटे-फटे हो तो भी चलते!" लक्ष्मणरावांच्या भुवया टोपीच्या काठापर्यंत चढल्या. नेमका त्याच वेळी बेडरूममधून एक लांबलचक, काळीज चिरणारा सूर आला.

कॉन्स्टेबल सुधीरच्या अगदी जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "सच बोलो सार. कौनसा बिल्ला? नींद का?"

आता मात्र सुधीरला रडू फुटायचं बाकी राहिलं. "झोपेचा बिल्ला? हे काय आणखी?"

भगवंतरावांनी कपाळाला हात लावला आणि मग जे हसत सुटले, ते त्यांना खुर्चीच द्यावी लागली. "अहो सुधीरराव! तुमच्या पुण्यात बिल्ला म्हणजे छातीला लावायचा. आमच्या हैदराबादी बोलीत बिल्ला म्हटलं की आधी बोका! आणि या गड्याच्या तेलुगूत बिळ्ळा म्हणजे औषधाची गोळी! त्याला वाटायलंय, तुम्ही चोरून झोपेच्या गोळ्यांचा धंदा करताव!"

त्यांनी कॉन्स्टेबलला तेलुगूत सगळं समजावलं. रेणूचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "ओह. बॅजेस? मग बॅजेस म्हणायचं ना, अंकल!"

कॉन्स्टेबल मात्र कामाचा माणूस. "ठीक है सार. तो वो फौजी बिल्ला दिखाओ."

 सगळ्यांच्या नजरा काचपेटीकडे वळल्या. फाटक्या मखमलीवर मधोमध तो एकटा पितळी बिल्ला, वाकडी मान करून बसलेला.

"बाकीचे?" लक्ष्मणरावांनी विचारलं. आल्यापासूनचा त्यांचा हा पहिला शब्द.

पॉलिश करायला दिलेत, पुण्याला राहिलेत, बँकेत ठेवलेत, अशी तीन-चार उत्तरं सुधीरच्या जिभेवर आली. त्याने अलकाकडे पाहिलं. तिने लाटणं खाली ठेवलं.

"बाकीचे नाहीत," तो म्हणाला. "एवढा एकच आहे, साहेब. त्या दिवशी तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा तुमचा तो डबा दुसऱ्या कोणाला जाईल अशी भीती वाटली, आणि मी बोलून गेलो. म्हणून घाईघाईने जमवायला निघालो, तर हे असं झालं."

लक्ष्मणराव सोफ्यावर बसले. डबा मांडीवर घेतला. बेडरूमची कडी तेवढ्या खरवडण्याने निघालीच होती. मच्छी मार्केटवाला बाहेर आला, त्याने साऱ्यांकडे एका डोळ्याने तुच्छतेने पाहिलं आणि कोणालाही न विचारता डब्याशेजारी जाऊन बसला. म्हाताऱ्याने त्याच्या फाटक्या कानावरून बोट फिरवलं.

"खरं सांगायचं तर," लक्ष्मणराव म्हणाले, "संग्रह नसेल तर बरंच, असं मला वाटत होतं. डबा परत न्यायला कारण मिळालं असतं." मग त्यांनी झाकण उघडलं. आत कापसावर ओळीने बिल्ले, आणि सगळ्यांत वर एक, एकाच बाजूला पंख असलेला.

"याचा दुसरा पंख तुटला का?" सुधीरने विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

"वैमानिकाला दोन पंख, वाट दाखवणाऱ्या नेव्हिगेटरला एक. हा माझा." त्यांनी झाकण लावलं. "डबा आज देत नाही. पण दर रविवारी येत जा. एकेकाची गोष्ट सांगीन. सगळ्या ऐकून झाल्या की बघू. या गड्याला मात्र मी घेऊन चाललो. फौजी आहे!"

मच्छी मार्केटवाला मुकाट त्यांच्या काखेत गेला. उरलेले दोघे रेणूने नेले. कॉन्स्टेबलने चहा घेतला आणि जाताना आपल्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर बोट ठेवून बजावलं, "सार, ये नहीं मिलता!"

त्या रविवारातून सुधीर सावरला, पण बेलची धास्ती काही गेली नाही. कुरिअरवाल्यालासुद्धा तो आधी "क्या लाया?" विचारायचा. आठवडाभराने असाच एक दिवस. अलका बाहेर गेलेली. बेल वाजली. सुधीरने दार न उघडताच विचारलं, "कौन?"

"साब, पुराना बिल्ला लाया," बाहेरून एक म्हातारा, अदबशीर आवाज. "आप को होना था सुने."

"नक्को!" सुधीर किंचाळला. "बिल्ला नहीं होना! एक भी नहीं होना! ले जाओ, ले जाओ!"

"साब, एक बार देख तो..."

"नक्को बोला ना!"

पावलं जिना उतरून गेली. सुधीरने सुस्कारा सोडला आणि स्वतःची पाठ थोपटली. आपण या शहरात आता चांगलेच मुरलो, असंही त्याला वाटलं.

संध्याकाळी लक्ष्मणरावांचा फोन आला. आवाज एखाद्या पोरासारखा फुललेला!

"आगाशे, अहो काय सांगू तुम्हाला! त्या दिवशी मी तुमच्या वॉचमनजवळ पत्ता ठेवला होता, त्याने एका गृहस्थाला माझ्याकडे धाडलं. त्याचे वडील पूर्वी हवाई दलात. वडिलांच्या छातीवरचा बिल्ला रुमालात बांधून आणला होता हो! इतका जुना मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. म्हणाला, जपणाऱ्या माणसाला द्यायचाय. बिचारा आधी तुमच्याच दारात आला होता म्हणे."

सुधीरने काचपेटीकडे पाहिलं.

"पण आत कोणीतरी वेडा माणूस ओरडत होता, असं म्हणाला तो. तुमच्याकडे पाहुणे आलेत का?"

"हो," सुधीर कसाबसा म्हणाला. "गेले ते आता."